माझ्या भित्र्या दादाचे धाडसी रविवार

परळपासून गिरगावपर्यंत माझ्या चुलतभावाइतका भित्रा माणूस कुणी दाखवला, तर मी त्याला हात जोडीन. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, सहा फूट उंच, आवाज भरदार, मिशी अशी की अनोळखी माणसं त्याला पोलीस समजून वाट देतात; आणि हा मात्र चाळीतलं मांजर आधी जाऊ दे म्हणून भिंतीला चिकटून उभा. लिफ्टची धास्ती, म्हणून ऑफिसचे नऊ मजले तो रोज चढायचा. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायचा. टॅक्सीत बसण्याआधी ड्रायव्हरला "काका, झोप नीट झालीय ना?" असं अदबीने विचारायचा. बेचाळिसाव्या वर्षीही त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काकूच काढून द्यायची. "मेल्या, लगीन झाल्यावर ह्यां कोण करतला?" असं वर म्हणायची.

अडलं होतं ते लग्नाशीच. ऑफिसातल्या एका मुलीशी त्याचं सात वर्षं जमलेलं होतं. हसरी होती, आम्हा सगळ्यांना आवडायची. हा विचारेल म्हणून ती वाट बघत राहिली आणि हा विचारायला घाबरत राहिला. खोली एवढीशी, घरचे काय म्हणतील, उद्या मला हार्ट अटॅक आला तर तिचं कसं होईल, एक ना दोन. शेवटी दादरच्या एका उपाहारगृहात, समोर पियुषचे दोन ग्लास ठेवलेले असताना तीच म्हणाली, "तू वाईट नाहीस रे. पण तू कशालाच हो म्हणत नाहीस. मी थकले आता." आणि उठून गेली. पुढच्या महिन्यात तिने नोकरीही बदलली. "तिचा ग्लास तसाच राहिला होता गो," दादा मला सांगत होता, "मग मी दोन्ही प्यायलो. वेटर बघत होता ना." मी हसले, आणि लगेच मला माझीच लाज वाटली.

पंधरा दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. मग एका रविवारी सकाळी आठला माझ्या दारात हजर. अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहरा ऑपरेशनला निघालेल्या माणसाचा.

"दर रविवारी एक गोष्ट करायची. जन्मात न केलेली," तो म्हणाला. "आणि तू सोबत यायचंस."

"मी कशाला?"

"मला काही झालं तर आईला नीट शब्दांत सांगायला कुणीतरी हवं ना!"

सुरुवात लोअर परळच्या मॉलमधल्या सरकत्या जिन्यापासून झाली. दादा एक पाय उचलून बगळ्यासारखा उभा राहिला आणि मागे रांग वाढत गेली. अखेर नऊवारीतल्या एका आजींनी "अवो, चढा की न्हाईतर सरा!" म्हणत त्याला मागून रेटलं. डोळे घट्ट मिटून तो वर पोहोचला आणि वरच्या वॉचमनला त्याने मिठीच मारली. नंतरच्या एका रविवारी झुंबाच्या वर्गात सोळा बायका आणि दादा. त्यात टाळी नेमकी कधी वाजवायची या काळजीने तो घामाघूम. लिफ्टच्या दिवशी त्याने माझ्या ओढणीचं टोक असं धरून ठेवलं की नवव्या मजल्यापर्यंत मला मान हलवता आली नाही. "काय रे, भीती कमी होतेय का?" मी विचारलं. "अजिबात नाही. उलट कुठली कुठली आहे ते आता कळतंय."

सहाव्या रविवारी त्याने समुद्र काढला. दोघांनाही पोहता येत नाही. कफ परेडच्या मच्छीमार नगरातला एक नाखवा त्याच्या ओळखीच्या ओळखीतला. त्याने भावाला बरोबर घेऊन आम्हाला होडीतून एक फेरी मारून आणायचं कबूल केलं. किनारा लांब जाईपर्यंत मी फोटो काढत होते. मग खाली खरखर झाली आणि होडीचं मशीन एकदम थांबलं. नाखवा म्हणाला, "मशीनच्या पंख्यात जाळं गुंतलंय. हलू नका, ताई." त्याचा भाऊ दातात सुरी धरून पाण्यात उतरला. तेवढ्यात होडी आडवी झाली, एका बाजूने पाणी आत आलं आणि मी किंचाळले. उंच इमारती एकदा दिसत होत्या, एकदा नाहीशा होत होत्या. मला श्वासच घेता येईना. इतके रविवार मी ज्या भीतीला हसत होते, ती अशी असते हे मला तेव्हा कळलं.

दादाचे ओठ पांढरे पडले होते. दात वाजत होते. एकदा काठावर वाकून तो ओकलाही. पण त्याने माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले, सैल होता तो घट्ट केला, आणि पायाशी पडलेला डबा उचलून पाणी उपसायला लागला. "घाबरलीस? घाबर. मीपण घाबरलोय. पण घाबरून घट्ट बस, उठू नकोस. माझ्याकडे बघ." प्रत्येक डब्यागणिक तो हेच म्हणत होता. अर्ध्या तासाने जाळं सुटलं आणि मशीन पुन्हा धडधडलं. नाखवा हसून म्हणाला, "तुमचा भाऊ लय धीराचा आहे." दादाने घाबरून मागे वळून पाहिलं, दुसरं कुणाला म्हणाला की काय.

किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते. त्यांच्या शेजारीच तो ओल्या कपड्यांनी मटकन बसला आणि खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. तिचा नंबर लावला, कापला, पुन्हा लावला. मी उठून जायला लागले, तर त्याने मला हाताने थांबवलं.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "परत ये म्हणायला नाही केला फोन. एवढंच सांगायचं होतं, की तू नाही म्हणशील अशी भीती मला कधीच नव्हती. तू हो म्हणशील आणि मग मी पुरा पडणार नाही, याची होती. सात वर्षं." मग तो बराच वेळ नुसता ऐकत होता. शेवटी "हो. तूपण," म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"रडत होती." तो मनगटाने मिशीवरचं मीठ पुसत राहिला. "म्हणाली, मीच विचारणार होते, दोनदा. दोन्ही वेळा धीर झाला नाही." जरा वेळाने तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "मला वाटायचं, तिला कशाचीच भीती वाटत नाही गो."

बोंबलांच्या रांगेपलीकडे पाणी आता अगदी शांत दिसत होतं. मी त्याच्या शेजारी ओल्या वाळूत बसून राहिले, कपडे अंगावरच वाळेपर्यंत.