फणसाखालचं सारवण

आमच्या कुडपण गावात सारवण्यात राहीकाकीचा हात धरणारं कोणी नाही. तिची दारातली सारवलेली ओटी बघून पाहुणा पाय दोनदा पुसून आत येतो. अशा बाईच्या घरात शिमग्याला तिच्या लेकाने, सहदेवने, भांडुपहून दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आणून सोडलं. नातीचं, अनुष्काचं, ते लाडकं, नाव बिस्कुट. पण खोलीभर मुतून त्याने सुनेला जेरीस आणलं होतं. तिने सांगून टाकलं, मे महिन्यापर्यंत बाहेर जायला शिकलं तर परत नेऊ, नाहीतर गावालाच राहू दे. अनुष्का जाताना रडली, आणि काकीने तिला शब्द दिला, शिकवते.

शब्द दिला खरा, पण बिस्कुट शिकेना. ओटीवर ते मुतलं की काकी ती माती उकरायची, ताजं शेण कालवून तेवढी जागा सारवायची. सारवण सुकायच्या आत ते पुन्हा तिथेच येऊन बसायचं. काकी ओरडली, चुचकारून झालं, उचलून अंगणात नेऊन झालं. जितकी ती साफ करी तितकी घाण वाढे. हे गणित माझ्याही डोक्यात शिरेना, आणि मी पोलादपूरला दहा वर्षं गणितच शिकवतोय. काकीला तर वाटायला लागलं की आपल्यालाच चकवा लागलाय.

शेवटी शेजारचे कुशाबा एका सकाळी ओटीवर बसून बघत राहिले. त्यांचा जन्म गुरांत आणि कुत्र्यांत गेलेला.

"राहीबाय, तू सारवतेस नि त्याला वाटतं, माझी जागा तयार झाली. वास गोठ्याचाच हाय ना? शेणाचा वास आला की तिथंच बसायचं, असं धरलंय त्यानं."

काकी गोंधळली. शेणाने जागा शुद्ध होते हे तिला आईने शिकवलेलं. तरी तिने आठ दिवस घराला शेण लावलं नाही आणि रोज सकाळी घरामागच्या परड्यात फणसाखाली हातभर जमीन सारवली. बायका विचारायच्या, घराला भेगा पडल्या आणि रान काय सारवतेस? पाचव्या दिवशी बिस्कुट आपण होऊन फणसाखाली धावलं, आणि मग कधी चुकलं नाही.

एव्हाना ते तिच्या पायाशी झोपायला लागलं होतं. आपण जिंकलो की हरलो हे काकीला कळेना. मे महिन्यात सहदेव आला आणि त्याला घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी मी काकीकडे चहा पीत होतो, तेव्हा अनुष्काचा फोन आला. बिस्कुट दाराशी कण्हत बसतं, कागदावर जात नाही, रस्त्यावर नेलं तरी डांबरावर काही करत नाही, शेवटी गादीवर करतं. आई म्हणते, गावाला परत पाठवू. काकीने नुसतं 'पाठवा' म्हटलं असतं तर ते परत तिच्या पायाशी आलं असतं. तिने फोन कानावरून काढला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा लावला.

"तुझ्या बापाला सांग, तिथल्या म्हशींच्या तबेल्यातनं ओंजळभर शेण आण, नि पत्र्याच्या तुकड्यावर सारव. तिथं जाईल ते."

उपाय लागू पडला. संध्याकाळी अनुष्का फोनवर नुसती हसत होती. काकीही हसली, आणि फोन ठेवल्यावर पदराने डोळे पुसले.

आता काकीचं घर पुन्हा लखलखीत असतं. पण ओटी झाली की उरलेलं शेण घेऊन ती परड्यात जाते आणि फणसाखाली तेवढीच हातभर जमीन सारवते. कोणासाठी, मी विचारलं.

"मलाच कळत नाय रे," ती म्हणाली, आणि कडेचा एक कोपरा राहिला होता तोही सारवून घेतला.