शेड चारची दोनची रीडिंग

जबलपूरला पोस्टिंग निघाली तेव्हा मी लान्स नायक होतो. आमचं घर अधारतालला. घरून सायकलवर पाऊण तासात दारूगोळ्याचा डेपो. आईला वाटलं, पोरगा आता घरचाच झाला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे.

डेपोत माझ्याकडे शेड चारचं रजिस्टर होतं. शेडमध्ये तोफेची जुनी बारूद. जुनी बारूद फार तापली तर आपोआप पेट घेते, म्हणून दिवसातून दोनदा थर्मामीटर बघायचा, १००० वाजता आणि १४०० वाजता, म्हणजे सकाळी दहाला आणि दुपारी दोनला. आकडा चाळीसच्या वर गेला की झरोके उघडायचे, छतावर पाणी मारायचं आणि वर कळवायचं. शेड ऑफिसपासून अर्धा मैल लांब होती. मे महिन्यात दुपारी दोनला तिथवर जाणं म्हणजे शिक्षाच. त्यामुळे आमच्यात एक पद्धत पडली होती. सकाळीच दोन्ही रकाने भरून टाकायचे. सकाळी चौतीस असेल तर दुपारी छत्तीस. सगळे हेच करायचे आणि मीही करायचो.

शेडचे इन्चार्ज हवालदार शांतवन साळवे. नगरकडचे ख्रिस्ती. त्यांची रीत वेगळी होती. रजिस्टरवर सही करण्याआधी ते सायकल काढून स्वतः थर्मामीटर बघून यायचे; आमचे आकडे बहुतेक जवळपासच निघायचे. मग टोपी काढून मान खाली घालायचे आणि पुटपुटायचे, "प्रभू, मी लिहितो ते खरं असू दे." मग सही. आम्ही त्यांना मागून पाद्रीबुवा म्हणायचो. एकदा मी तोंडावर विचारलं, "उस्ताद, आकड्यासाठी काहून देवाला त्रास देता?"

ते हसले. "आकडाच तर रोज लिहितो रे. बाकी मोठं पाप करायला मला वेळ कुठाय?"

मे महिन्यातल्या एका रविवारी ड्यूटी माझी होती. सकाळी दहाला मी चौतीस लिहिलं, त्याच पेनने पुढे छत्तीसही लिहून टाकलं. दुपारी लंगरमध्ये जेवलो आणि ऑफिसच्या मागच्या खोलीत पंख्याखाली आडवा झालो. १४२० वाजता कोणीतरी खांदा हलवला. साळवे उस्ताद होते. सकाळी चर्चला गेले होते, अंगावर अजून तोच पांढरा शर्ट. सुट्टीच्या दिवशीही सहीसाठी यायचे.

"रामटेके, दोनची रीडिंग घेतली?"

"घेतली उस्ताद. छत्तीस."

"बरं. बघून येतो."

"एवढ्या उन्हात काहून जाऊन राहिले? मी सांगतो ना, छत्तीस आहे."

"छत्तीस असेल तर आल्यावर सही करतो," म्हणाले आणि सायकल घेतली. मी पुन्हा आडवा झालो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

१४३५ वाजता फील्ड टेलिफोन वाजला.

"शेड चार. डाव्या खोलीत धूर. अलार्म दे. फायर पार्टी पाठव."

"उस्ताद, पिकेट?"

"एक आत झोपलाय. काढतो."

लाइन बंद झाली. मी अलार्म दिला आणि पळत सुटलो. फायर पिकेटचे, म्हणजे आगीच्या पहाऱ्याचे, दोन जवान सावलीसाठी शेडमध्ये शिरले होते. त्यांतला एक बाहेर उभा होता, दुसऱ्याला उस्तादांनी ओढत आणून टाकलं. मग ते परत आत गेले. दोन खोल्यांमधलं लोखंडी दार उघडं होतं. ते बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतर डावी खोली पेटली, उस्ताद अजून त्याच बाजूला होते. उजवी खोली वाचली, आणि आम्ही सगळेही.

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये ते सकाळपर्यंत होते. ओठ हलत होते. मी वाकलो तेव्हा विचारलं, "दोघं बाहेर आले?"

"आले उस्ताद."

"थर्मामीटर चव्वेचाळीस होता. लिहून घे."

हे त्यांचं शेवटचं बोलणं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. माझ्या साक्षीआधी सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बोल दे, दो बजे सब ठीक था. बाद में वो अकेला गया, सिविल कपड़ों में, बिना तलाशी के. जेब में माचिस रही होगी. मरे हुए को कौन सज़ा देगा?"

साहेब वाईट माणूस नव्हते. मला वाचवत होते. पण ज्या माणसाने आयुष्यात खोटा आकडा लिहिला नाही, त्याच्या खिशात आम्ही माचिस घालणार होतो.

मी चौकशी घेणाऱ्या मेजर साहेबांपुढे उभा राहिलो. आमच्या घरात बुद्धवंदना होते. प्रभूशी माझी ओळख उस्तादांपुरतीच. तरी टोपी काढली आणि मान खाली घातली.

"क्या कर रहे हो?"

"प्रार्थना, सर." मग म्हणालो, "दो बजे की रीडिंग मैंने ली ही नहीं. सुबह दस बजे लिख दी थी. हवलदार साहब से भी झूठ बोला."

रजिस्टर टेबलावर उघडं होतं. रविवारच्या ओळीत माझं छत्तीस, आणि पुढे इन्चार्जच्या सहीची जागा कोरी. मेजर साहेबांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

माझी लान्स नायकाची फीत गेली, अठ्ठावीस दिवस कोठडी झाली. साळवे उस्तादांच्या नावाला डाग लागला नाही. सुटल्यावर मी त्यांच्या घरी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं. मग विचारलं, "भाऊ, हे त्या दुपारी त्यांनाच का नाही सांगितलं?"

उस्ताद तरीही गेलेच असते. पण एकटे गेले नसते. मी सोबत असतो, आणि ते लोखंडी दार ओढायला दोघांचे चार हात असते.

आता मी रिटायर्ड आहे, अधारतालमध्येच राहतो. दरवर्षी मे महिन्यात त्याच तारखेला कब्रस्तानात जातो. ऊन असतं, पण दोनलाच जातो. टोपी काढतो आणि जे तेव्हा सांगायचं होतं ते सांगतो.

"उस्ताद, रीडिंग मी नव्हती घेतली."