घोडेस्वार गावातच राहिला

लहानपणी अकोल्यात जेवताना बाबा मला एका जुन्या इंग्रजी सिनेमाची गोष्ट सांगायचे. एक घोडेस्वार गावात येतो, एका विधवेची विहीर बळकावणाऱ्या गुंडांना पळवून लावतो आणि मग तिथंच राहून तिची शेती सांभाळतो. ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेन!

गेल्या वर्षी तोच सिनेमा नव्यानं निघाला आणि हिंदीत डब होऊन अमरावतीत लागला. बाबा तेव्हा माझ्याकडे आले होते. दुपारच्या खेळासाठी ते इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधीच तयार होऊन बसले.

सिनेमात गुंड हरले, आणि घोडेस्वार मागे वळूनही न बघता निघून गेला. दिवे लागले.

"बाबा, हा तं चालला गेला! नव्या सिनेमात शेवट बदलवला का?"

"नाही वं. जुन्यातही तो असाच गेला होता."

"मग तुमी मले वेगळं काहून सांगितलं?"

"पहिल्यांदा खरं सांगितलं, तं तू रडत ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी मी त्याले वापस आणलं."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही सावकाश पायऱ्या उतरू लागलो.

"शेतात काय पेरलं मग त्यानं?" मी विचारलं.

"कपाशी," बाबा लगेच म्हणाले. "अन् कडेले धुऱ्यावर तूर."