खुर्चीसरांची सगळ्यात ढ विद्यार्थिनी

आमच्या थोरल्या दिरांना सगळे खुर्चीसर म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास चालतो. मी त्या माणसाला कितीही शिव्या घातल्या तरी एक गोष्ट कबूल करते, शिकवायला भारी. चांगलं ते चांगलंच म्हणावं. बाकीचं आता ऐकाच.

इंग्रजीत एक भानगड आहे. क्रियापदाला मागे शेपूट असतं, ऑफ, अप, डाउन असलं काहीतरी. दिवा बंद कर म्हणायचं तर 'टर्न ऑफ द लॅम्प' म्हणा नाहीतर 'टर्न द लॅम्प ऑफ' म्हणा, दोन्ही चालतं. पण दिव्याचं नाव न घेता नुसतं 'तो' म्हणायचं झालं, की त्या 'इट'ला मधेच कोंबायचं. 'टर्न इट ऑफ'. शेवटी ठेवलं की चूक. आणि 'लुक आफ्टर', म्हणजे सांभाळणं, त्यात बरोब्बर उलटं. तिथे 'हिम' नाहीतर 'हर' शेवटीच राहणार, मधे घुसायचं नाही. का? ते इंग्रजांना विचारा!

हे सगळं आमचे दीर खुर्च्यांवर शिकवतात. फळ्यासमोर ओळीने चार खुर्च्या. पहिलीवर बसून क्रियापद म्हणायचं, उठायचं, मग सर्वनामाची जी जागा असेल तिथे बसून सर्वनाम म्हणायचं, शेपूट म्हणायचं शेपटाच्या खुर्चीत. "डोक्यातून शिरत नसेल तर बुडातून शिरू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि खरंच शिरायचं. ढ पोरंसुद्धा पास व्हायची.

त्यांची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणते. अंगाने भरलेल्या, गुडघे कामातून गेलेले, आणि स्वभाव म्हणजे अगदी गरीब गाय. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या देशात गेलेली. तिला मूल झालं. रजा संपली की बाळाला कोण बघणार, म्हणून तिने आईला कायमचं बोलावलं. तिकडचा नियम असा, की घरातलं एकच वडीलधारं माणूस बोलावता येतं, आणि त्याला इंग्रजी बोलण्याची तोंडी परीक्षा पास व्हावी लागते. म्हणून वहिनी साठीच्या घरात नवऱ्याच्या क्लासात जाऊन बसल्या.

मी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करते, त्यामुळे एरवीचा क्लास मला दिसत नाही. रविवारी पोरांसमोर एकट्या वहिनींची पाळी असायची, तेवढाच दिसायचा. तो बघून अंगाची लाही लाही व्हायची.

"बाळाला खाली ठेव, म्हण," दीर म्हणायचे.

वहिनी पहिल्या खुर्चीवर बसून म्हणायच्या, "पुट." गुडघ्यावर हात देऊन उठायच्या, दुसरीवर टेकायच्या. "हिम." पुन्हा उठायच्या. "डाउन."

"बघा रे!" दीर पोरांकडे वळायचे. "सर्वनाम म्हणजे कसा चिमुकला शब्द. इंग्रजांनी एवढासा केला होता. आमच्या घरी येऊन त्याचं हे असं झालं!"

पोरं खो खो हसायची. वहिनीपण हसायच्या, काय करतील बिचाऱ्या. 'लुक आफ्टर हिम'ला दुसरी खुर्ची न बसता ओलांडायची असते. ती ओलांडताना एकदा त्यांचा पदर खुर्चीत अडकला आणि त्या आपटल्या. दीर काय म्हणाले असतील? "ऊठ, वाक्य अर्धं राहिलंय." बायको जमिनीवर पडलीय आणि ह्यांना वाक्याची पडलीय!

मी आत नेऊन गुडघ्यांना तेल लावलं. म्हटलं, "वहिनी, कशाला सोसता हे? त्यांच्यावर एकदा खेकसा तरी."

"हसू देत गं. मला जायचंय."

"बाळाची एवढी ओढ लागलीय?"

"बाळ आहेच," त्या म्हणाल्या. "पण मला इथून जायचंय." लग्नापासूनच्या सगळ्या वर्षांत हे एवढं एकच वाक्य त्यांनी माझ्याजवळ नवऱ्याविरुद्ध काढलं होतं.

त्या दिवसापासून त्या हट्टाला पेटल्या. मी कामावरून आले की पुढच्या खोलीतून खुर्च्या सरकल्याचा आवाज. पिक, उठल्या, हर, उठल्या, अप. एकही वाक्य चुकायचं नाही. मी दिरांना म्हटलंसुद्धा, "भाऊजी, वहिनी पहिल्या नंबरात येणार बघा."

"येईल ना," ते म्हणाले. "खुर्च्या असल्या तर." मला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा करतायत.

परीक्षेला मीच सोबत गेले. दाराला काच होती, बाहेरच्या बाकावरून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. आत एक टेबल, परीक्षक बाई, आणि वहिनींना बसायला एक खुर्ची. बाई चांगली हसतमुख होती. नाव, गाव, सगळं छान झालं. मग तिने विचारलं, तिकडे जाऊन तुम्ही काय करणार?

"आय विल लुक," वहिनी म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या.

बाई म्हणाली, बसा ना. वहिनी बसल्या. तोंड उघडलं, पण शब्द काही पुढे सरकेना. पुन्हा "आय विल लुक", पुन्हा उठल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि भिंतीकडे एक स्टूल होतं तिथे चालत गेल्या. त्यावर बसून म्हणाल्या, "आफ्टर." मग अजून एक जागा शोधायला लागल्या. अहो, वेड्यासारख्या त्या खोलीत भिरभिरत होत्या! परीक्षक बाई घाबरली, तिला वाटलं चक्कर येतेय. तिने घंटी वाजवली, शिपाई पाणी घेऊन आला. वहिनी त्याला मराठीत सांगत होत्या, "मला येतं हो. मला सगळं येतं. एक खुर्ची द्या फक्त."

निकाल काय लागणार होता ते वेगळं सांगायला नको. पुन्हा परीक्षा द्यायची तर वर्षभर थांबायचं, आणि लेकीची रजा त्याआधीच संपणार. तिचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "आई, रागावू नकोस. मी सासूबाईंना बोलावलंय. त्या पास झाल्या." म्हणजे एका माणसाची ती जागासुद्धा गेली. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं बाई, बाळाची सोय झाली." फोन ठेवून भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी परत घासत होत्या.

दिरांनी तर त्या फजितीची क्लासात नक्कल करून दाखवली. स्टुलासकट.

त्याच आठवड्यात क्लासातली एक पोरगी माझ्या खिडकीवर खोकल्याचं औषध न्यायला आली. हळहळली बिचारी. म्हणाली, "काकू, आमच्या खुर्च्या सरांनी तिसऱ्या आठवड्यातच काढल्या होत्या. मग हात मांडीखाली घालून, जागचं न हलता बोलायचं. प्रत्येक बॅचला असंच असतं. तुमच्या वहिनींच्याच काढल्या नाहीत. आम्हाला वाटलं, क्लास सुटल्यावर सर त्यांच्याकडून बिनखुर्चीचा सराव करून घेत असतील."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच!

घरी आले ती तडक स्वयंपाकघरात. दीर ताटावर बसले होते, वहिनी बाजूला भाजी चिरत होत्या. मी चपलाही काढल्या नाहीत. "भाऊजी, सगळ्यांच्या खुर्च्या काढता, वहिनींच्या का नाही काढल्या?"

वाटलं, नाकारतील, निदान चिडतील तरी. कसलं काय! घास चावून गिळला आणि शांतपणे म्हणाले, "काढल्या असत्या तर पास झाली असती."

"मग?"

"मग मला कोण बघणार? तू?"

वहिनींची सुरी थांबली. त्या हलल्या नाहीत, उठल्या नाहीत. होत्या तिथेच, चिरलेल्या भाजीसमोर बसून नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "आय कान्ट पुट अप विथ यू."

मला अर्थ कळला. तुम्ही मला सहन होत नाही. सगळ्या संसाराचं एका दमात सांगून टाकलं बाईने. म्हटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल.

दिरांचा चेहरा खुलला. "शाब्बास!" ते म्हणाले. "पुट, अप, विथ, आणि 'यू' एकदम शेवटी. बसल्या जागेवरून! हे तिथे बोलायला काय धाड भरली होती?" आणि ताट पुढे सरकवलं. "वाढ अजून."

मी म्हटलं, "वहिनी, उठू नका."

वहिनी गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि त्यांनी वाढलं.