मावशीच्या वहीतला पांढरा पट्टा

माझ्या मावशीवर अन्याय झाला तो मी बारावीत असताना, दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच सकाळी, लोह्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, आणि व्हाइटनरचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. बहात्तरच्या दुष्काळात सतरा वर्षांची मावशी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी वहीत सगळं खरंखरं लिहायची. गावच्या इतिहासाचं पुस्तक काढणाऱ्या गुरुजींनी ती वही छापायला मागितली, मावशीनं हौसेनं दिली. मावशी आणि मी वही परत घ्यायला दुकानात पोचलो तर गुरुजी मूळ वहीवरच ब्रश फिरवून फुंकर घालत होते. ‘हजेरी मांडताना मुकादम हात धरतो, झटकला की गैरहजेरी लावतो’ ही ओळ होती तिथं नुसता ओला पांढरा पट्टा. “हे काय करायलाव गुरुजी?” मावशी ओरडली. “मुकादम वारला गं बाई. त्याची पोरं गावात हायत, इज्जतदार माणसं. मेल्या माणसाचं कशाला उकरायचं?” “अन् मी? मी जित्ती हाय की!” दुकानातली माणसं हसली. मी नखानं पट्टा खरवडला तर कागदच फाटला. पुस्तक थाटात निघालं. त्यात म्हणे गावानं दुष्काळ एकदिलानं काढला. मावशीनं त्यानंतर एक अक्षर लिहिलं नाही. आज मी गावोगाव बायांच्या हक्कांची पत्रकं वाटते, पण तिची ओळ अजून कुठंच छापलेली नाही. ते पुस्तक तुमच्या घरात असेल, तर आत्ता पेन घ्या आणि ती ओळ मुकादमाच्या नावासकट त्यात लिहा; नाव गावात सगळ्यांना ठाऊक आहे.