मागे राहिलेल्या काठावरून फोन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी, अंजनगाव सोडून परतवाड्याकडे जाताना मला माझ्या मुलीचा फोन आला. मुलगी तेव्हा त्याच गाडीत, मागच्या सीटवर झोपलेली होती.

मी अकोल्यात बरीच वर्षं बातमीदारी केली. भानामती, अंगात येणं, झपाटलेली विहीर – असलं काही आलं की खोडून काढायला मलाच पाठवत. एकदाही मला काही दिसलं नाही, आणि दिसेल असं वाटलंही नाही. म्हणून पुढचं जसं घडलं तसंच लिहितो.

आम्ही तिघं चिखलदऱ्याला निघालो होतो – मी, बायको सुषमा आणि सहा वर्षांची वैदेही. घरात तिला सगळे चिऊ म्हणतात. आमच्या वाटेवरचा पूर्णेचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता. लोक नावेनं पलीकडे जात. सुषमाचा भाऊ सतीश दर्यापूरचा. तो त्या काठावर गाडी घेऊन थांबणार होता.

अलीकडे, घाटावर नावाड्याच्या बायकोची चहाची टपरी होती. परतीच्या दिवशी नाव लागेल म्हणून मी नावाड्याचा नंबर घेतला, माझा दिला. फोन तिच्याजवळच असायचा. वैदेहीला सर्दी होती, रात्री झोप झाली नव्हती. ती सुषमाच्या खांद्यावर झोपून गेली होती.

"ताई, लेकराले उठवा," ती बाई म्हणाली. "झोपलेलं लेकरू तसंच नदीवरून नेत नाई. उठत नसंन तं नाव घेऊन बलवा, सोबत चाल म्हना."

"आत्ताच डोळा लागलाय तिचा," मी म्हणालो.

"एक हाक मारायले तुमचं काय जाते हो?"

मुलगी जागी होऊ नये अशा बेतानं सुषमा तिच्या कानाशी पुटपुटली, "चिऊ, चल बेटा." आणि आम्ही नावेत बसलो.

पलीकडे सतीश हसतच उभा. "भाऊजी, नावेची कड काहून एवढी घट्ट धरली होती? पेपरवाले पान्याले भेतात का?"

अंजनगावपर्यंत त्याची चेष्टा चालू होती. मग तो फोन आला. टपरीवाली बाई होती.

"साहेब, तुमची पोरगी इथंच राहून गेली न! बाकावर बसून हाये केवाची. कसे मायबाप हा तुमी?"

मी मागे पाहिलं. वैदेही सुषमाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. चोंदलेलं नाक घुरघुरत होतं.

"दुसऱ्या कुणाची असेल," मी म्हणालो.

"घ्या, तिच्याशीच बोला."

"बाबा," आवाज आला, "आईनं चिऊच म्हटलं... माझं नाव नाही घेतलं."

मी सतीशला गाडी थांबवायला सांगितली, फोन स्पीकरवर टाकला. सुषमा वैदेहीला हलवत होती. मुलगी उठेना. हात गार पडले होते. सतीशनं तोंडावर पाणी मारलं. पापणीही हलली नाही.

"परतवाडा जवळ आहे, दवाखान्यात चल," मी त्याला म्हणालो.

"आणि तिथं बसलीय ती?" सुषमानं विचारलं.

तेवढ्यात फोनमधून आरडाओरडा – "अवो, पोरगी पान्याकडं चालली! ताई, बलवा तिले... नीट नाव घेऊन बलवा!"

सुषमानं फोन हिसकावला. "वैदेही! वैदेही, चाल माय... आईसंग चाल." एरवी ती घरात वऱ्हाडी बोलत नाही.

"थांबली," बाई म्हणाली. मग नवऱ्यावर ओरडली, "नाव सोडा म्हनते न मी! कोनी नाई कसं? बसली ते!"

फोनमधून नावेची साखळी खळखळली. सुषमा हाका मारतच होती. सतीश रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता.

"टेकली नाव तिकडं," बाई म्हणाली.

वैदेही उठून बसली. तिनं पाणी मागितलं.

परतवाड्याच्या डॉक्टरांना सर्दीशिवाय काही सापडलं नाही. संध्याकाळी आम्ही चिखलदऱ्याला पोहोचलो. वैदेहीला नदी, नाव, घाट – काहीच आठवत नाही. परत येताना आम्ही लांबचा पडला तरी अमरावतीवरून रस्ता धरला.

नंतर मी एकटा त्या घाटावर गेलो. बाईनं तेच सांगितलं, शब्द न बदलता. नावाडी म्हणाला, "मले कोनी दिसलं नाई, साहेब. बायको बोंबलली म्हनून नाव नेली. पन रिकामी नाव हलकी चालते. ते हलकी नोती."

माझ्या फोनवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. हाही झाला आहे. मी तो सुषमाला आणि सतीशला वेगवेगळा ऐकवला. 'माझं नाव नाही घेतलं' हा आवाज दोघांनीही वैदेहीचा म्हणून ओळखला. त्या वाक्याच्या मागे, अगदी जवळून, आमच्या गाडीतली चोंदलेल्या नाकाची घुरघुर ऐकू येते.