चौथ्या बोटाचा पडदा

दुधाच्या पिशवीवर छापलेल्या तारखेवरसुद्धा भिंगबाईंचा विश्वास नव्हता. चष्मा कपाळावर चढवून, पर्समधलं भिंग काढून त्या ती तारीख वाचत, आणि मग दूधवाल्याकडे अशा नजरेने बघत की त्या बिचाऱ्याला आपल्या हातून खरंच काहीतरी घडलंय असं वाटावं. संग्रहालयात त्यांना भिंगबाई हे नाव कोणी दिलं ते कळलं नव्हतं. त्याचा तपास मात्र त्यांनी दोन वर्षं केला होता.

त्यांचं काम चित्रं काढण्याचं. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत, भिंतीच्या कपाटांतून बेडकांच्या सातशे बरण्या होत्या. स्पिरिटच्या वासाने नव्या माणसाचं डोकं धरायचं, भिंगबाईंना तो वास यायचाच बंद झाला होता. बरणीतला बेडूक बशीत घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि दिसेल तेच काढायचं. दिसेल तेच, यावर त्यांचा भारी कटाक्ष. शिक्षण बेताचं, पद त्याहून बेताचं, चित्राखाली नाव छापून येण्याची पद्धत नाही. होता तो एक डोळा. त्या डोळ्याला कोणी नावं ठेवली तर त्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

आणि नेमकी त्या डोळ्यालाच नावं ठेवली गेली होती, अकरा वर्षांपूर्वी. निदान भिंगबाईंना तसं वाटत होतं.

प्रकरण होतं एका बेडकाचं. अंगठ्याच्या नखाएवढा, तपकिरी, ओल्या पालापाचोळ्यात राहणारा. बेडकांचं वर्गीकरण करणाऱ्यांची तऱ्हा अशी की प्रजाती म्हणजे एका आडनावाचं घर, आणि जाती म्हणजे त्या घरातली माणसं. हा बेडूक ज्या घरातला वाटत होता, तिथल्या सगळ्यांच्या मागच्या पायाची बोटं मोकळी होती. याच्या बोटांमध्ये मात्र बदकासारखा पडदा होता, चौथ्या बोटाच्या दुसऱ्या सांध्यापर्यंत. म्हणून विभागाच्या सरांनी त्याला वेगळं घर काढून दिलं. नवी प्रजाती, नवं आडनाव. आणखी दोन बेडूकही तिथे राहायला आले. सरांचं नाव झालं. निबंधासोबतचं चित्र भिंगबाईंचं होतं.

आठ वर्षांनी दुसऱ्या देशातल्या दोघांनी त्याच ओढ्यावरून तसलेच पंधरा बेडूक पकडले. एकाच्याही बोटात पडदा नव्हता. घर पाडलं गेलं, तिन्ही बेडकांची जुन्या घरी रवानगी झाली, आणि जगभरचे बेडूकवाले सरांना हसले. सरांनी चार ओळी छापल्या: वर्णन चुकलं, जबाबदारी माझी. बस्स.

भिंगबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. पडदा त्यांच्या पेन्सिलीतून आलेला असणं शक्य नव्हतं, कारण नसलेली गोष्ट त्या काढत नसत. मग पडदा आला कुठून? ज्याला नवी प्रजाती हवी होती, त्याच्या शाईतून. त्या तडक सरांच्या खोलीत गेल्या आणि मूळ चित्र मागितलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सापडत नाही."

टाचणीसुद्धा जागच्या जागी ठेवणारा माणूस, आणि त्याला चित्र सापडत नाही. झालं. इथे पाणी मुरतंय हे सांगायला आणखी पुरावा कशाला? रोज चार वाजता सरांच्या खोलीत चहाला जायची त्यांची सवय त्या दिवशी मोडली. पुढची पाच वर्षं, सर निवृत्त होईपर्यंत, एकाच मजल्यावर काम करून त्या त्यांच्याशी कामापुरतं बोलल्या. बाकी सगळ्यांशी मात्र पोटभर बोलल्या. आपल्या चित्रात सरांनी मागाहून पडदा घातला, हे संग्रहालयात ऐकलं नाही असा कान उरला नाही.

"पण त्यांना तू एकदा तरी सरळ विचारलंस का?" घरी ताई विचारायची. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दोघी एकत्र राहत.

"चोराला विचारून चोरी कळते का?"

"तुला तर आमटीत मीठ जास्त झालं तरी कोणीतरी मुद्दाम टाकलंय असं वाटतं," ताई म्हणायची, आणि कूस बदलून झोपायची.

मग यंदा ती संशोधक मुलगी आली. आखूड केसांची, कमी बोलणारी. या बेडकांच्या सगळ्या घराण्याचं वर्गीकरण ती नव्याने करत होती. पाय मोजायची, जबड्याची हाडं मोजायची, आकडे मांडायची. पडद्याचं प्रकरणही ती निकालात काढणार होती. भिंगबाईंना वाटलं, चला, आता दूध का दूध होणार. मूळ चित्र मिळालं की सरांची शाई उघडी पडेल आणि आपला डोळा सुटेल.

पण मुलगी दर रविवारी सरांच्या घरी जाते असं कळलं, आणि भिंगबाईंचे कान टवकारले. एका सोमवारी ती तपकिरी पाकीट घेऊन आली. भिंगबाई आत येताच तिने ते ड्रॉवरमध्ये सारलं आणि किल्ली फिरवली.

"काय आहे त्यात?"

"जुने कागद आहेत, बाई."

"चित्र सापडलं वाटतं?"

मुलगी मोजपट्टी पुसत राहिली. "माझं काम त्याच्याशिवाय होईल," ती म्हणाली.

यावर भिंगबाईंची खात्रीच पटली. सरांनी पोरीला फितवलं. तीन दिवस त्या डोळ्यांत तेल घालून ड्रॉवरवर नजर ठेवून होत्या. चौथ्या दिवशी मुलगी बश्या धुवायला गेली आणि किल्ली कुलपातच राहिली. दुसऱ्याचा ड्रॉवर उघडणं वाईट, हे भिंगबाईंना मान्य होतं. त्यांनी तो उघडला.

चित्र त्यांचंच होतं. एकोणीस वर्षांपूर्वीचं, कडेने पिवळं पडलेलं. त्यांनी भिंग लावलं आणि पडद्याची रेघ न् रेघ तपासली. शाई कुठेच नव्हती. सगळी पेन्सिल, सगळा हात एकच, आणि तो हात त्यांचा. पूर्वी चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट चिकटवलेली होती, ती आता काढलेली होती. चौकटीखाली झाकली गेलेली बारीक ओळ उघडी पडली होती: उजवा पाय फाटका, डावा आखडलेला. पाय बरणी १९ मधल्यावरून.

अक्षर त्यांचंच. नऊचं शेपूट आत वळवायची खोडही त्यांचीच.

त्यांना तसं करायची सवय होती. नमुन्याचा पाय खराब असेल तर त्याच ओढ्यावरचा, त्याच दिवशी पकडलेला जोडीदार शोधायचा, त्याचा पाय काढायचा आणि कडेला नोंद करायची. त्या वर्षी साठ-पासष्ट बेडूक त्यांच्या हाताखालून गेले होते. एवढ्यातला एक पाय कोणाच्या लक्षात राहतो? त्यांनी कपाटातून एकोणीस नंबरची बरणी काढली आणि आतला बेडूक बशीत घेतला. तपकिरी, नखाएवढा, जोडीदारासारखाच दिसणारा, पण जात निराळी. बोटांमध्ये पडदा, चौथ्या बोटाच्या दुसऱ्या सांध्यापर्यंत. त्यांनी काढला होता तसाच. डोळा बरोबर होता, बेडूक चुकला होता.

मुलगी परत आली तेव्हा भिंगबाई चित्र आणि बशी पुढ्यात घेऊन स्टुलावर बसल्या होत्या.

"सरांनी सांगितलं होतं, बाईंना हे दाखवू नकोस," मुलगी म्हणाली. "आक्षेप आला तेव्हा चौकट काढल्यावर त्यांना ते दिसलं. फाडावंसं वाटलं, पण नमुन्याचा कागद फाडायचा नसतो, म्हणून घरी नेऊन ठेवला."

संध्याकाळी भिंगबाई सरांच्या दारात उभ्या होत्या. दार सरांनीच उघडलं. त्यांची नजर पार अधू झाली होती, त्यांनी कान दाराकडे वळवला.

"कोण?"

"मी. एकोणीस नंबरच्या बरणीतला पाय काढला होता मी."

सर बाजूला झाले. "त्या पोरीला नको म्हटलं होतं."

"तिने नाही दाखवलं. मी ड्रॉवर उघडला."

"ते बाकी तुम्ही करणारच," सर म्हणाले, आणि हसले.

खुर्चीवर बसूनही भिंगबाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. "सांगितलं का नाही मला?"

"वर्णनाखाली नाव माझं. मी बेडकाचा पाय बघायला हवा होता, मी तुमचं चित्र बघितलं. माझ्या डोळ्यांपेक्षा तुमच्या डोळ्यांवर भरवसा जास्त. मग चूक कोणाची?" सरांनी चाचपडत खुर्ची ओढली. "आणि एक प्रजाती गेली म्हणून माझी नोकरी जाणार नव्हती. तुम्ही चुकलात असं छापून आलं असतं, तर पुढचा बेडूक कोणी दिला असता तुम्हाला?"

भिंगबाईंनी पर्समधून कागद काढून वाचला. मुलीच्या निबंधासाठी त्यांनी तो बसमध्ये लिहिला होता: चित्रातला पाय दुसऱ्या नमुन्यावरून काढलेला होता, ही चूक चित्रकाराची. खाली त्यांचं नाव होतं, आडनावासकट.

"नाव गाळा," सर म्हणाले.

"नाही गाळणार. आजवर एकाही चित्राखाली आलं नाही, इथे येऊ दे."

कागदाची घडी परत पर्समध्ये गेली.

"मी सगळ्यांना सांगत होते," भिंगबाई म्हणाल्या. "तुम्ही शाईने पडदा घातलात म्हणून. अकरा वर्षं."

"माहीत आहे. सगळे येऊन सांगायचे मला."

"तरी गप्प राहिलात?"

"मला वाटायचं, एक दिवस चार वाजता याल आणि तोंडावर विचाराल. विचारलं असतंत तर सांगितलं असतं मी. बरेच दिवस दुसरा कप भरून ठेवायचो."

भिंगबाईंना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. पडदा आला कुठून, हा प्रश्न शिपायापासून संचालकांपर्यंत त्यांनी एकूण एक माणसाला विचारला होता. या एका माणसाला सोडून.